कुतच्या वेढ्यात मराठा शिपाई खरंच कमी पडला का?

चावडीकट्टा (धागाकर्ता)
आमच्या चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी आहे. यंदा रंगकामात तिच्यावरही पिवळा ऑइलपेंट फासला गेला. टर्पेंटाइन आणि चिंधी घेऊन बसलो, तेव्हा इंग्रजी अक्षरं हळूहळू वर आली: या गावातून महायुद्धाला इतके गेले, त्यातले इतके कामी आले. नावं नाहीत, नुसते आकडे. जुनी माणसं म्हणायची, ‘बसऱ्याला गेला तो गेलाच.’

बसऱ्याच्या वर, आजच्या इराकमध्ये, टायग्रिस नदीच्या काठी कुत हे गाव. ब्रिटिश हिंदी फौजेची सहावी पुणे डिव्हिजन तिथे डिसेंबर १९१५ पासून १४७ दिवस तुर्कांच्या वेढ्यात होती. २९ एप्रिल १९१६ रोजी तिचा सेनापती जनरल टाउनशेंड शरण गेला. आत १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. पुढे खापर फुटलं ते हिंदी शिपायावर: घोड्याचं मांस खाईना, कच खाल्ली.

माझ्या मते हा शिक्का लढाईआधीच तयार होता. १८८५ ते १८९३ हिंदुस्थानचा सरसेनापती असलेल्या लॉर्ड रॉबर्ट्सच्या लेखी लढवय्ये उत्तरेकडेच, मुंबई-मद्रासच्या पलटणी मऊ पडलेल्या. त्याच ‘मऊ’ पलटणी बगदादच्या तोंडाशी, टेसिफोनपर्यंत लढत गेल्या होत्या. नदीतून रसद आणायला पुरेशा बोटी नव्हत्या, जखमींना डॉक्टर पुरत नव्हते. १९१७ च्या मेसोपोटेमिया चौकशी आयोगाने ठपका ठेवला तो वरच्या साहेबांवर.

जुनापाना
भावना समजते, पण घोड्याच्या मांसाचं काय? बऱ्याच हिंदी शिपायांनी शेवटच्या आठवड्यांपर्यंत ते नाकारलं, अशक्त झाले, स्कर्व्हीने (ताज्या भाज्या-फळांअभावी होणाऱ्या रोगाने) आडवे पडले. खंदकात उभं राहायची ताकद नसलेला माणूस कितीही शूर असो, बचाव त्याच्यामुळे लवकर ढासळतो. हे लपवून इतिहास होत नाही.

चावडीकट्टा
लपवत नाही. पण क्रम बघा. टाउनशेंडने सुरुवातीला कळवलं की धान्य जेमतेम एक-दोन महिन्यांचं आहे. म्हणून सुटकेची फौज अर्धवट तयारीत चिखलातून रेटली आणि तिचीच वीस हजारांवर माणसं मारली गेली किंवा जखमी झाली. मग जानेवारीत घरोघर झडती घेतल्यावर गावात धान्याचा मोठा साठा निघाला. ही मोजणी शिपायाने केली होती का? आणि शरणागतीनंतर टाउनशेंड इस्तंबूलजवळच्या बेटावर आरामात राहिला. शिपाई वाळवंटातून पायी हाकले गेले, कित्येक वाटेतच मेले.

रानशेवंती
यात एक भर. १९२२ च्या फेररचनेत १०३ ही मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण झाली, ११० तिसरी. म्हणजे कुतला शरण गेलेल्याच दोन पलटणी. १० जुलै १९४४, इटली, तिबर नदीचं खोरं: तिसऱ्या पलटणीचे नाईक यशवंत घाडगे. त्यांच्या तुकडीतले बाकी सगळे पडलेले. हे एकटे मशीनगनवर धावले, ग्रेनेड टाकला, एकाला गोळी घातली. मॅगझीन बदलायला वेळ नव्हता, म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने संपवलं. मग स्नायपरची गोळी लागली. ९ एप्रिल १९४५, सेनिओ नदी: पहिल्या पलटणीचे शिपाई नामदेव जाधव. आधी दोन जखमींना पाण्यातून आणि सुरुंगांतून उचलून आणलं, मग तीन मशीनगन बंद पाडल्या. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक.

भीमाकाठ
पराक्रमापुढे मान झुकते, पण धाग्याच्या मांडणीला माझा विरोध आहे. व्हिक्टोरिया क्रॉस पुढे करून ‘बघा, आम्हीही लढाऊ जात’ म्हणणं म्हणजे रॉबर्ट्सचीच फूटपट्टी उचलणं. त्या फूटपट्टीने सगळ्यात जास्त कापलं कुणाला? १८९२ च्या सुमारास महारांची भरतीच बंद केली. १९१० मध्ये महार समाजाचे पुढारी शिवराम जानबा कांबळे यांना आम्हाला पुन्हा फौजेत घ्या म्हणून सरकारकडे अर्ज करावा लागला. युद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ ला १११ वी महार पलटण उभी केली, १९२१ ला मोडून टाकली. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ उजाडलं. या माणसांना कमी पडायची संधीसुद्धा मिळाली नाही. तुमच्या पाटीवरच्या आकड्यात आमच्या वस्तीतले किती, हे गावात कुणी विचारलंय?

जुनापाना
हा मुद्दा बिनतोड आहे. घोड्याच्या मांसाबद्दल मात्र मी म्हणण्यावर ठाम.

चावडीकट्टा
नाही विचारलं. मीही नाही, आणि पाटी लहानपणापासून बघतोय. ‘मराठा शिपाई’ हे शीर्षक देतानाही मनात आलं नाही. पदक, पेन्शनचा कागद कुणाकडे जपलेला आहे का, ते दोन्हीकडच्या घरांत जाऊन विचारतो. सुरुवात तुमच्या बाजूच्या वस्तीपासून. जे सापडेल ते इथेच नावानिशी लिहीन.