झेड४ च्या मागच्या चाकांना २५५/३५ च घ्यायचे की २५५/४० चालतील?

कॉलेजरोडचा_गाडीवेडा

मंडळी, गाडी बीएमडब्ल्यू झेड४, ई८९, ती पत्र्याचं छप्पर घडी होऊन डिकीत जाणारी. ३५आय आहे म्हणजे तीन लिटर ट्विन टर्बो, ३०६ हॉर्सपॉवर आणि सगळी ताकद मागच्या चाकांना. पुढे २२५/४० आर१८, मागे २५५/३५ आर१८ (२५५ ही मिमीत रुंदी, ३५ म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या ३५ टक्के, आर१८ म्हणजे १८ इंची रिम), चारही रनफ्लॅट, म्हणजे हवा गेली तरी काही अंतर चालणारे. पुढच्या टायरची नक्षी अजून चांगली शिल्लक आहे पण मागचे टीडब्ल्यूआयच्या, म्हणजे झीज दाखवणाऱ्या पट्टीला टेकलेत, आणि पाऊस तोंडावर आलाय.

टायरवाल्यांकडे विचारलं तर सगळ्यांचं एकच, २५५/३५ मागवावा लागेल, कधी येईल सांगता येत नाही, २५५/४० मात्र आत्ता बसवून देतो साहेब, साईडवॉल (टायरची बाजू) पण जाड मिळते, आपल्या रस्त्यांना उलट चांगलंच. एकाने तर मी हो म्हणायच्या आधीच पोराला जॅक आणायला पिटाळलं.

माझं मत स्पष्ट आहे, ३५ च. रुंदी तीच असली तरी चाकाची उंची बदलते आणि नुसती मागची उंची बदलणं या गाडीला परवडणारं नाही. पण ग्रुपमधले अर्धे लोक मला वेड्यात काढतायत म्हणून इथे विचारतोय. ज्यांना ४० बरोबर वाटतो त्यांनी कारणासकट सांगा, "काही नाही होत रे" हे कारण धरलं जाणार नाही.

पाथर्डीफाटा_एक्सप्रेस

काही नाही होत रे 😄

आता कारण. तू गाडी जर्मनीत चालवत नाहीयेस. सिंहस्थाच्या कामांनी नाशिकमधला कुठला रस्ता आज सलग आहे ते दाखव, सकाळी गेलास तर डांबर आणि संध्याकाळी त्याच जागी चर, वर खडी टाकलेली. २५५/३५ ची साईडवॉल किती, ८९ मिमी. ४० ची १०२. हे १३ मिमी रबर म्हणजे तुझी रिम वाचणार की वाकणार याचा फैसला आहे.

दुसरं, मिळण्याचं. ३५ हा बीएमडब्ल्यूच्या ई९० थ्री सिरीज आणि मर्सिडीजच्या डब्ल्यू२०४ सी क्लासच्या काळातला साइझ, त्या गाड्या आता कमी होत चालल्या. २५५/४० आर१८ नव्या थ्री सिरीजला मागे येतो म्हणून दुकानात असतो. त्यात जून २०२० पासून सरकारने गाड्यांच्या टायरची आयात लायसनवर टाकली, तेव्हापासून असल्या आडसाइझसाठी वाट बघणं आलंच. तू वाट बघत बसणार आणि तोवर गुळगुळीत टायरवर पावसात फिरणार, हे जास्त सेफ का?

सातपूर_लेथवाला

चर्चेआधी आकडे टाकतो, मग भांडा.

२५५/३५ आर१८ चा व्यास साधारण ६३६ मिमी. २५५/४० चा ६६१. फरक २५ मिमी, ४ टक्के. गाडीची पाठ त्याच्या निम्मी म्हणजे साडेबारा-तेरा मिमी वर जाणार, वरती व्हील आर्चमध्येही तेवढीच जागा कमी होणार. मागची रिम साडेआठ इंची आहे, तिच्यावर २५५ रुंदीचे दोन्ही टायर बसतात, तिथे प्रॉब्लेम नाही. (कुणी २६५ सुचवायच्या आत सांगून ठेवतो, त्याला कमीत कमी नऊ इंची रिम लागते.)

आता खरा मुद्दा. पुढचं २२५/४० किती, ६३७. म्हणजे रुंदी वेगळी, प्रोफाइल वेगळं, पण पुढचं आणि मागचं चाक उंचीला जवळपास सारखं. कंपनीने ते मुद्दाम तसं ठेवलंय. सरळ रस्त्यावर चारही चाकं सारखे फेरे मारतात आणि डीएससी, म्हणजे गाडी घसरू न देणारी यंत्रणा, त्याच्याच भरवशावर काम करतं, मागचं चाक पुढच्यापेक्षा जास्त फिरायला लागलं की घसरतंय असं समजून इंजिनाची ताकद कापतं. तू मागे ४० टाकलास की मागचं चाक कायम साडेतीन टक्क्यांहून जास्त हळू फिरणार. म्हणजे ओल्या रस्त्यावर मागचं चाक घसरायला सुरुवात झाली तरी तेवढ्या टक्क्यांपर्यंत कॉम्प्युटरच्या हिशोबी सगळं आलबेल. सिस्टीम थोडाफार फरक सांभाळून घेते, टायर काय चारही सारखे झिजत नाहीत, पण तो झिजेचा फरक असतो, एक इंचाचा नाही.

पाथर्डीफाटा_एक्सप्रेस

लेथवाले भाऊ, कागदावर बरोबर असेल. माझ्या ऑक्टाव्हियाला मी एक साइझ मोठे टाकलेत, डॅशवर एक दिवा लागलेला नाही. दिवा लागला तर बोला.

कॉलेजरोडचा_गाडीवेडा

तू चारही बदललेस ना? चारही सारखेच वाढले तर पुढच्या-मागच्याचं गणित जसंच्या तसं राहतं, फक्त स्पीडोमीटर हलतो. आणि तुझी गाडी पुढून ओढते. माझी मागून ढकलते, टर्बो भरला की दुसऱ्या गिअरमध्येही मागचं ओल्यात शेपूट हलवते. दिवा न लागणं हीच तर भीती आहे, दिवा लागला असता तर निदान कळलं असतं.

आणि खड्ड्याचं म्हणशील तर खड्ड्यात आधी कुठलं चाक पडतं? पुढचं. त्याची साईडवॉल ९० मिमी आहे आणि ती तशीच राहणार आहे. मागे १३ मिमी वाढवून पुढची रिम कशी वाचणार ते समजाव. उलट पाठ उचलल्यावर नाक चार-पाच मिमी खालीच येणार, आधीच इंदिरानगरच्या स्पीडब्रेकरला पुढचा ओठ घासतो माझा.

द्वारकासर्कल_वाचला

मग दोघांचंही समाधान होईल असं बघा की. पुढे २२५/४५ आर१८ टाक, मागे २५५/४०. थ्री सिरीजचा अख्खा सेट. पुढचा व्यास ६६० आणि मागचा ६६१, म्हणजे लेथवाल्यांचा डीएससीचा आक्षेप संपला. चारही साईडवॉल जाड, खड्ड्यांचा प्रश्न संपला. गाडी सव्वा सेंटीमीटरच्या आसपास वर, स्पीडब्रेकर संपला. आणि चारही टायर उद्या मिळतात. मला तर यात काही खोट दिसत नाही.

सातपूर_लेथवाला

हा धाग्यातला पहिला विचार करण्यासारखा पर्याय आहे, मागेच ४० टाकण्यापेक्षा शंभर पटीने बरा. तरी तीन गोष्टी. पहिली, पुढचं चाक नुसतं वरखाली होत नाही, वळतंही. फुल लॉक मारून यू-टर्न घेताना, त्यात पुढचं एक चाक खड्ड्यात दबलेलं असताना, ते आतल्या प्लास्टिकला घासतं का हे बसवून, दोन्ही बाजूंना स्टिअरिंग तोडूनच कळेल. दुसरी, काट्यावर १०० दिसताना चाकं आधीपेक्षा जवळपास ४ टक्के जास्त अंतर कापतायत. बीएमडब्ल्यूचा काटा मुळात थोडा जास्तच दाखवतो म्हणून फरक बराचसा गिळला जाईल, पण समृद्धीवर १२० ची मर्यादा आणि वर कॅमेरे, काट्याच्या भरवशावर राहू नका. तिसरी, गिअर तेवढेच लांब होणार. ३०६ घोड्यांना ते जाणवणार नाही म्हणा.

पण यात त्याचे चांगले असलेले पुढचे दोन्ही टायर बाजूला काढून ठेवायचे. दोन टायरच्या कामाचे चार झाले.

घोटीवरून_पुढे

सगळे व्यासावर भांडताय, रनफ्लॅटचं कुणी बोललंच नाही. खड्ड्यांसाठी जाड साईडवॉल हवी म्हणताय, पण रनफ्लॅटची साईडवॉल मुळातच दगड असते, हवा गेल्यावर गाडीचं वजन तिनेच तोलायचं असतं ना. ३५ रनफ्लॅट आणि ३५ साधा यांच्यात खड्ड्यात जेवढा फरक जाणवतो तेवढा ३५ आणि ४० मध्ये जाणवायचा नाही असं माझं मत.

आमच्याकडे गेल्या पावसाळ्यात घोटीजवळ पाण्याने भरलेल्या खड्ड्यात दणका बसला, गाडी सरळ चालत होती, बाहेरून टायर ठणठणीत. नंतर अलाइनमेंटला जॅकवर घेतली तेव्हा मागच्या डाव्या टायरला आतल्या बाजूने लिंबाएवढा फुगा. आतले दोरे तुटले की हवा रबराच्या थरात शिरते आणि असा फुगा येतो, याला पंक्चरसारखी दुरुस्ती नाही, टायर गेला म्हणजे गेला. आणि आतली बाजू उभ्या गाडीत दिसतच नाही. त्यामुळे जो कुठला साइझ घ्याल तो घ्या पण मोठा दणका बसला की आतून बघा.

मी तरी मागे साधे घेतले असते, स्टेपनीऐवजी पंक्चरचं रसायन आणि छोटा कॉम्प्रेसर डिकीत.

कॉलेजरोडचा_गाडीवेडा

हा मुद्दा माझ्याही डोक्यात आहे. पण या गाडीला स्टेपनी नाहीच, छप्पर उघडलं की डिकीत बॅग मावायची मारामार. रनफ्लॅट असला की हवा पूर्ण गेली तरी ८० च्या आत ठेवून ८० किलोमीटरपर्यंत जाता येतं, म्हणजे रात्री इगतपुरीला फुटला तरी मी घरी पोचतो. रसायनाने खिळ्याचं भोक बुजेल, साईडवॉल चिरली तर त्याचा काही उपयोग नाही. आणि पुढे रनफ्लॅट, मागे साधे असं मिश्रण कंपनी नको म्हणते, दोघांचा कडकपणा वेगळा त्यामुळे वळणात गाडी पुढून एक बोलते मागून एक. पुढचे संपतील तेव्हा चारही साधे करीन, आत्ता नाही.

पेठरोड_आरटीओ_शेजारी

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा, कंपनीने दिलेल्या स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल चालत नाही, जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने पण हेच सांगितलंय. रस्त्यात कुणी टायरवरचे आकडे वाचायला थांबवणार नाही हे मान्य. पण अपघात झाला की विम्याचा सर्व्हेअर पहिल्यांदा टायरचेच फोटो काढतो, आणि मॅन्युअलमध्ये नसलेला साइझ दिसला की त्याला बोलायला जागा मिळते. त्याला ती कशाला द्यायची?

पाथर्डीफाटा_एक्सप्रेस

झालं, आलं कलम. अर्ध्या नाशिकच्या थारला ट्रॅक्टरचे टायर आहेत, त्यांना सांगा आधी.

गंगापूररोड_रविवार

एक बाळबोध प्रश्न, १७ इंची का नाही? लहान इंजिनच्या ई८९ ला कंपनीच चारही चाकांना २२५/४५ आर१७ द्यायची. व्यास ६३४, म्हणजे तुझ्या मूळ चाकाएवढाच, साईडवॉल १०१, साइझ कुठेही मिळतो आणि चारही सारखे असल्याने पुढचे मागे फिरवता येतात. काटा हलत नाही, डीएससी हलत नाही, कलमवाले काकाही खूष.

कॉलेजरोडचा_गाडीवेडा

हिशोबाने सगळ्यात सरळ हाच. पण ३५आय चे ब्रेक मोठे आहेत, १७ ची रिम आतून कॅलिपरला लागते का ते प्रत्यक्ष रिम लावून बघितल्याशिवाय घेणार नाही. आणि ३०६ घोडे मागच्या २२५ वर टाकायचे? सावरगावच्या रस्त्याला द्राक्षं बघत संथ जायचं असेल तर ठीक. शिवाय खरं सांगू, या गाडीवर १७ इंची चाकं बघवत नाहीत. हे तांत्रिक कारण नाही, माहितीय.

सातपूर_लेथवाला

मग २५५/३५ मागवतोयस तर तीन गोष्टी लिहून घे. बाजूवर चार आकड्यांचा तारखेचा कोड असतो, २३२४ म्हणजे २०२४ चा २३वा आठवडा. असे न खपणारे साइझ गोडाऊनमध्ये पडून राहतात, कोड बघितल्याशिवाय पैसे देऊ नकोस. लोड इंडेक्स मूळ टायरपेक्षा कमी नको, ९० म्हणजे एका टायरला ६०० किलो, ९४ मिळाला तर ६७०. स्पीडचं अक्षर (टायर किती वेग सोसेल ते सांगणारं) पण मॅन्युअलमध्ये असेल त्याच्या खालचं घेऊ नकोस, दुकानदार म्हणेल तुम्ही कुठे २४० ने जाणार, पण त्या अक्षरात उष्णता सोसायची ताकदही येते आणि मे महिन्यात समृद्धीच्या सिमेंटवर तीच कामाला येते. बसवल्यावर हवा भरून मेनूतून टायरची सूचना रिसेट कर, तुझ्या गाडीत हवा कमी झाल्याचं चाकाच्या फेऱ्यांवरूनच ओळखलं जातं, रिसेट नाही केलं तर ती जुन्या टायरच्या फेऱ्या धरून बसेल.

पाथर्डीफाटा_एक्सप्रेस

मागव बाबा. पण येईपर्यंत कसारा घाटाकडे फिरकू नकोस, पट्टीला टेकलेले टायर आणि तिकडचं पाणी, तिथे तुझं डीएससी पण हात वर करेल. एवढं एक माझं ऐक.

बाकी मत तेच आहे. दहा टायरवाल्यांना विचार, नऊ जण ४० च म्हणतील.

कॉलेजरोडचा_गाडीवेडा

म्हणतीलच, त्यांच्याकडे तोच पडलाय.