मदत हवी आहे: वय झालेल्या स्किड उंदरांच्या प्लीहेत टी-पेशी कशा?

नमस्कार मंडळी,

इम्युनॉलॉजीवाले कोणी इथे असतील तर कृपया वाचा. आमच्याकडे सीबी१७ स्किड उंदीर आहेत, म्हणजे टी आणि बी या रोगप्रतिकारक पेशी जन्मजात दोषामुळे बनत नाहीत असे. बॅल्ब/सी या निरोगी वाणाच्या उंदरांच्या सीडी४ पेशी (टी-पेशींचा एक प्रकार) त्यांना टोचून आतड्याचा दाह अभ्यासायचाय. त्याआधी काही उंदीर नुसतेच फ्लोवर (रंगवलेल्या पेशी मोजणाऱ्या यंत्रावर) तपासले. दोन महिन्यांचे अगदी स्वच्छ निघाले: टिचभर थायमस (टी-पेशी तयार होतात ती ग्रंथी), त्यात जवळपास सगळ्या पेशी सीडी४ आणि सीडी८ दोन्ही नसलेल्या. पण वर्षाच्या माद्यांच्या प्लीहेत सीडी३ (टी-पेशींची खूण) असलेल्या पेशींचा छोटा, ठळक वेगळा पुंजका दिसतो. सीरममध्ये आयजीएमही (बी-पेशींनी बनवलेलं प्रतिपिंड) सापडलं.

बोस्मा आणि सहकाऱ्यांनी १९८३ साली हे उंदीर जगासमोर आणले, तेव्हापासून कारणही बरंच उलगडलंय. टी आणि बी पेशींचा रिसेप्टर बनवण्यासाठी रॅग प्रथिनं डीएनए कापतात, पण टोकं जोडायला लागणाऱ्या प्रथिनाची शेवटची ८३ अमिनो आम्लं यांच्यात नसतात. रिसेप्टरच बनत नाही, म्हणून टी आणि बी पेशी अर्ध्यातच मरतात. एनके (नैसर्गिक मारक) पेशींना ही जोडणी लागत नाही, त्या ठणठणीत असतात.

मग हे 'लीकी' प्रकरण (दोष असूनही काही पेशी निसटून तयार होणं) की रंगकामातली गडबड? की पिंजऱ्यात हेटरोझायगस (दोषी जनुकाची एकच प्रत असलेले, म्हणून निरोगी) मिसळले? दाता आणि उंदीर दोघांच्याही पेशींवर सीडी४५.२ ही एकच खूण, त्यामुळे टोचलेल्या पेशी कुठल्या नि त्याच्या स्वतःच्या कुठल्या, कळणारच नाही. उंदीर उगाच वाया घालवायचे नाहीत, म्हणून सुरू करण्याआधी विचारतोय.

प्रतिसाद:
लीकीच वाटतंय. हेटरोझायगस असते तर प्लीहा नेहमीएवढी आणि बी-पेशींनी भरलेली दिसली असती. तरी शेपटीच्या तुकड्यावरून जीनोटायपिंग (जनुकतपासणी) कराच. मेलेल्या पेशी वगळून सीडी३सोबत टीसीआर-बीटा (टी-पेशींच्या रिसेप्टरचा भाग) लावा. दोन्ही एकत्र दिसले तर रंगकामाची शंका मिटली. थायमस सुजलेला असेल तर वेगळा ठेवा, या उंदरांना थायमिक लिम्फोमा (थायमसचा कर्करोग) होतो.

वयाबरोबर हे वाढतं, म्हणून सहा-आठ आठवड्यांचेच उंदीर घ्या. दाते थाय१.१ (टी-पेशींवरची वेगळी खूण) असलेले बॅल्ब/सी मिळाले तर ओळखीचा प्रश्नच सुटतो. आणि पुढच्या खेपेला सरळ रॅग नॉकआउट (रॅग जनुकच बंद केलेले) उंदीर मागवा. तिथे डीएनए कापलाच जात नाही, त्यामुळे वय झालं तरी टी-पेशी उगवत नाहीत.

धागाकर्ता:
मनापासून आभार! आमच्या बॅचमध्ये एका मादीचा थायमस खरंच मोठा होता, तिचा डेटा बाजूला काढतो. थाय१.१ दाते आणले, तर उंदराच्या शरीराने दात्याच्या पेशींना परकं समजण्याची भीती कितपत?