हुतात्मा स्मारकं पाडा म्हणे! अरे लाज वाटू द्या थोडी

कपाशीवाला (आर्वी): काल एका भाऊनं लिहिलं, खेड्यातली हुतात्मा स्मारकं पाडा अन् तिथं अभ्यासिका बांधा, पोट्टे भरतीची तयारी तरी करतील. वाचून डोकंच सणकलं. अरे आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीत १६ ऑगस्ट १९४२ ले, ऐन नागपंचमीले, लोकं झेंडा घेऊन ठाण्यावर गेले अन् गोळ्या खाल्ल्या, त्याच दिवशी तिकडं चिमूर पेटलं. मुंबईवाल्यायले माहीत नसलं तर समजू शकतो, तू तर इकडचाच ना बे? उद्या म्हणशील सेवाग्रामची बापूकुटी पाडून जिम काढा.

पाडावाला: पाडाच म्हणलो, आताही म्हणतो. अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हा राज्यभर २०० च्या आसपास स्मारकं बांधली, ठीक. पुढं? आमच्या गावच्या स्मारकात सरपंचाच्या चुलतभावाची खताची पोती हायेत, छताची सळई उघडी पडली, अन् नावाच्या पाटीवर कोण्या सोन्याच्या वाढदिवसाचं फ्लेक्स, खिळाबी बरोबर एका हुतात्म्याच्या आडनावात ठोकेल. पंधरा ऑगस्टले चुना, सोळाले कुलूप. पोट्टे बाहेर स्ट्रीटलाइटखाली वाचते. अपमान कोण करून राहिलं, मी का ते?

आजीची नात (चिमूर): माझी आजी तेव्हा नवी नवरी होती. गोरे सोजीर आल्यावर बाया घरं सोडून पळाल्या, ती रात्रभर धानाच्या बांधीत चिखलात बसून होती. पुढचं ती कधी पूर्ण सांगायचीच नाही, मधेच उठून चुलीकडं जायची. गांधीजींचे सहकारी प्रा. भन्साळींनी ६३ दिवस उपास केला तो ह्याच बायांवरच्या अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून. चिमूरचे हुतात्मा बालाजी रायपूरकर, त्यांचं नाव सगळे घेतात, घ्यायलाच पाहिजे, पण त्या बायांबद्दल एक ओळ तरी कुठल्या दगडावर मी वाचली नाही. त्यामुळे पाडायचं तर नाहीच, पण आहे तेवढं पुरे असंही कोणी मला सांगू नका.

क्रांतिभूमी: ताई, दगड जाऊ द्या, चिमूरले पहिले जिल्हा द्या! भाषणात 'क्रांतिभूमी' म्हणून टाळ्या घेते अन् कलेक्टर ऑफिसचं काम निघालं की आमचा पूर्ण दिवस चंद्रपूरच्या एसटीत.

ब्रह्मपुरीकर: आले! १९८२ ले गडचिरोली जिल्हा झाला तेव्हापासून आमचं म्हणणं हाये, जिल्हा ब्रह्मपुरीले द्या. रेल्वे आमच्याकडं, कॉलेजं आमच्याकडं, दवाखाने आमच्याकडं. ४२ च्या पुण्याईवर जिल्हे वाटायचे तर आष्टीलेबी देऊन टाका एक.

क्रांतिभूमी: पुण्याई म्हणू नको बे! तुमच्याकडं दवाखाने हायेत, आमच्याकडच्या लोकायले फाशीच्या शिक्षा झाल्या होत्या. नंतर माफ झाल्या म्हणून काय स्वस्त झाल्या का?

ब्रह्मपुरीकर: मान हायेच ना त्याचा, कोण नाही म्हणते. पण नागभीडचा माणूस ब्रह्मपुरी सोडून चिमूरले कायले जाईल, येवढं सांग.

रिटायर फौजी (बुलडाणा): जिल्ह्याचं भांडण दुसरीकडं न्या राजेहो. आमच्या गावच्या जवानाचा चौथरा स्टँडजवळ आहे, त्याची माय स्वतः झाडते, पाण्याची बादली घरून आणते. पंचायतीनं नळ देतो म्हटलं, पाइप आला, तोटी अजून यायची आहे. पाडा म्हणणाऱ्यानं एक दिवस त्या मायसमोर उभं राहून म्हणून दाखवावं.

पाडावाला: बरं काका, नाही पाडत, झालं समाधान? पण अर्ध्या हॉलात टेबल-खुर्च्या, अर्ध्यात पाटी अन् फोटो, चावी पोट्ट्यायजवळ, येवढं तरी करू द्या. अन् ताई म्हणते ती ओळबी लिहा त्यात.

कपाशीवाला (आर्वी): हेच काल लिहिलं असतं तर डवरणी सोडून मी इथं बसलो नसतो. कर. फक्त खताची पोती काढायले तूच जाजो, सरपंच तुह्या पार्टीचा हाये.

ब्रह्मपुरीकर: नागभीडचं उत्तर अजून आलं नाही.