मदत हवी आहे: रसाळगड ते सुमारगड, डोंगरधारेवरची वाट

सह्यभटका
शनिवारी निघायचंय, म्हणून घाईत लिहितोय. गेल्या वेळी खेड तालुक्यातल्या (रत्नागिरी) रसाळगडाहून सुमारगडाकडे जाताना वाट चुकली. दोन तास कारवीत रान तुडवलं, पाणी संपलं तेव्हा मागे फिरलो. धनगरवाडा सोडल्यावर वाट फुटते, त्यातली कोणती धरायची? या वेळी त्याच धारेवरचा पुढचा महिपतगड गाठायचाच आहे.

माचीवरचा
गेला होतात कधी? मुक्काम कुठे? किती जण? काहीच लिहिलेलं नाही.

सह्यभटका
गेल्या वर्षी ऑक्टोबरात. मुक्काम रसाळगडावरच्या झोलाईच्या देवळात. आता चौघे आहोत. वाट सांगा ना कुणीतरी.

जगबुडीकाठ
मी खेडचाच. ऑक्टोबरात गवत डोक्याच्या वर असतं, खालची वाट दिसतच नाही. जी मळलेली वाटते ती बहुतेक ढोरवाट. तुम्ही उजवीकडे जगबुडी नदीच्या खोऱ्यात उतरत गेलात का? तसं असेल तर तीच धरलीत. धार सोडायची नाही, उतार लागला की थांबायचं. आणि वाडीतला माणूस सोबत घ्याच. धुकं असलं की गुराख्यांनाही चकवा लागतो.

रानवाट
माणूस कशाला? मोबाईलवर वाटेचा जीपीएस ट्रॅक उतरवून घ्या. मी तसेच तिन्ही गड दोन दिवसांत केले.

जगबुडीकाठ
कोणत्या महिन्यात?

रानवाट
जानेवारी.

जगबुडीकाठ
मग बरोबर. तेव्हा गवत वाळून आडवं झालेलं असतं. आणि मोबाईलची रेघ धारेवर थोडी जरी सरकली तरी माणूस कड्याच्या अंगाला जातो.

रानवाट
पण भातकापणीच्या दिवसांत वाडीत रिकामा माणूस सापडतो का? आम्हाला नाही सापडला.

कातळवेडा
त्यापेक्षा कलावंतीण सुळका करा. कातळात कोरलेल्या पायऱ्या आहेत, चुकायचा प्रश्नच नाही.

जुनीवाट
रसाळगडावर आहात तर तोफा नीट बघा. एवढ्याशा गडावर इतक्या तोफा मी दुसरीकडे पाहिल्या नाहीत. बघवत नाही त्यांची अवस्था.

माचीवरचा
सह्यभटका, चौघे म्हणजे कोण कोण?

सह्यभटका
मी, बायको, मेहुणा आणि बाबा. बाबांचं वय ६४, एक गुडघा दुखतो. तरुणपणी ते महिपतगडावर पारेश्वराच्या देवळात राहिले होते. ते देऊळ त्यांना पुन्हा बघायचंय.

माचीवरचा
अहो, हे आधी सांगायचं! सुमारगडाला घसारा (पाय सरकणारी सुटी माती) आहे, कातळ आहे, त्यात उतरताना गुडघ्याचे हाल. देऊळच बघायचं तर दहिवलीमार्गे वाडी बेलदारला जा आणि तिथून थेट महिपतगड चढा.

जगबुडीकाठ
माझंही तेच मत. वरचं पठार मोठं आहे, सुमारे १२० एकर, रान माजलेलं. देवळापर्यंत वाडी बेलदारमधला कुणी येतो का विचारा. पाणी माणशी ४ लिटर. घोट्यावर येणारे बूट घाला, काठी आपटत चला, आपल्या रत्नागिरीत फुरशी (विषारी साप) फार. चावलंच तर बांधाबांध, चिरणं काही नको, पाय हलवू न देता सरळ दवाखाना गाठा.

सह्यभटका
बाबांना सांगितलं. आधी रुसले, ते स्वतः तेव्हा धारेवरूनच गेले होते. मग म्हणाले, देऊळ दिसलं म्हणजे झालं. शनिवारी वाडी बेलदारकडूनच नेतो. धार मी आणि मेहुणा जानेवारीत करू. पहाटे खेड स्टेशनला उतरलो तर दहिवलीकडे पहिली एसटी किती वाजता?

रानवाट
एसटीचं माहीत नाही. जानेवारीसाठी ट्रॅक व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

जगबुडीकाठ
उद्या स्टँडवर जाऊन विचारतो आणि इथेच लिहितो.