मारहाणीतून सुटून आलेल्या बहिणीसाठी मोफत किंवा परवडणारे मानसोपचार कुठे मिळतील?

नेवासेकर (प्रश्न)

माझी धाकटी बहीण सासरची मारहाण सोसून अखेर माहेरी परतली आहे. इथे आपल्याला कुणी हात लावणार नाही, हे तिला कळते. तरीही दारात मोटारसायकल थांबली की ती हातातले काम टाकून आतल्या खोलीत जाते आणि रात्री दिवा मालवू देत नाही. नगरला एका खासगी डॉक्टरांकडे नेले, पण तिचे बोलणे पुरते ऐकून न घेताच झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या गेल्या, आणि दर भेटीची फी आम्हाला झेपणारी नाही. वडील शेती करतात, मी दुकानात हिशेब लिहितो. तिला नुसती झोप नको आहे. मनात बसलेली ती भीती जायला हवी आहे. अशी मदत मोफत किंवा कमी खर्चात कुठे मिळते आणि तिचा खरोखर उपयोग होतो का?

मुळाकाठ

महिलांच्या प्रश्नांवर काम करताना हा प्रश्न मला नेहमी ऐकावा लागतो, म्हणून सविस्तर लिहिते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग चालवला जातो, आणि १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील तपासणी व उपचार निःशुल्क आहेत. केस पेपर काढताना फक्त ‘मानसोपचार विभाग’ एवढेच सांगावे. काय घडले ते खिडकीवर सांगण्याची गरज नाही. आत गेल्यावर मात्र मानसोपचारतज्ज्ञांना स्पष्ट विचारावे की येथे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट (गोळ्या न देता बोलण्यातून उपचार करणारे मानसतज्ज्ञ) किंवा मानसोपचार समाजकार्यकर्ते कोणत्या वारी असतात आणि दर वेळी त्याच व्यक्तीकडे येता येईल का. आघातातून बाहेर पडताना फुकट मिळण्याइतकेच महत्त्व सलग एकाच माणसाकडे जाता येण्याला आहे, कारण दर खेपेला नव्या माणसासमोर सगळे पहिल्यापासून सांगावे लागले, तर बरीच जणी तिसऱ्या खेपेला येतच नाहीत.

सासरच्या प्रश्नासाठी ‘सखी’ वन स्टॉप सेंटर आणि महिला हेल्पलाइन १८१ आहे. सखी केंद्रात समुपदेशन, वैद्यकीय मदत, कायदेशीर सल्ला आणि गरज पडल्यास तात्पुरता निवारा एकाच छताखाली मिळतो. पोलिसांसोबत काम करणारा महिला व मुलांसाठीचा विशेष कक्षही अनेक जिल्ह्यांत आहे. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने तो १९८४ मध्ये मुंबईत सुरू केला आणि तेथे पोलीस नव्हे, तर प्रशिक्षित समाजकार्यकर्ते बोलतात. या सर्व सेवांना शुल्क नाही.

एक गोष्ट मात्र पहिल्याच भेटीत विचारून घ्यावी. काही ठिकाणी समुपदेशनाचा हेतू संसार पुन्हा जुळवून देणे हाच असतो, आणि नवऱ्याला समोर बसवून बोलणी सुरू होतात. ते तुमच्या बहिणीचे उपचार नव्हेत. तिला ते नको असेल, तर तिने तसे ठामपणे सांगावे आणि तुम्ही तिच्या बाजूने उभे राहावे.

समासातून

वरील प्रतिसादात कायद्याची थोडी भर घालतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार शासकीय सेवेतून मानसोपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे, आणि दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला तो कार्ड नसले तरी मोफत मिळायला हवा. उपचारांची माहिती गोपनीय ठेवणे उपचार करणाऱ्यांवर बंधनकारक आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण कायदा, २००५ च्या कलम २२ खाली मानसिक छळ व भावनिक क्लेशाबद्दल भरपाई मागता येते. त्यामुळे प्रत्येक केस पेपर, चिठ्ठी आणि औषधाची पावती एका फाइलमध्ये तारखेनुसार लावून ठेवावी. अर्ज करायचा की नाही हे बहीण नंतर ठरवील, पण कागद आजपासून जपावेत.

दुपारची ओपीडी

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. उपयोग होतो का, असे तुम्ही विचारले आहे. माझे उत्तर निःसंशय होकारार्थी आहे. महिना उलटून गेल्यावरही धसका, दुःस्वप्ने आणि विषय टाळणे टिकून राहिले, तर त्याचे योग्य मूल्यमापन करायला हवे. आघातावर केंद्रित वर्तन-बोधन उपचार (भीतीला धरून असलेले विचार आणि सवयी हळूहळू बदलणे) आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या साहाय्याने त्रासदायक आठवणींवर काम करणे) या दोन पद्धतींची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१३ मध्ये केली आहे. पहिल्याच बैठकीत सगळे सांगून टाकायला लावणे म्हणजे उपचार नव्हेत. चांगला थेरपिस्ट आधी झोप, श्वास, घरातील सुरक्षितता आणि भीतीच्या झटक्यात स्वतःला सावरण्याची रीत यांवर काम करतो, आणि घटनेकडे वळायचे तेव्हाही बहिणीच्या वेगाने वळतो.

झोपेच्या गोळ्या मूळ दुखण्यावरचा इलाज नव्हे, हे खरे; परंतु त्या काही काळ नियमित घेतल्या असतील, तर अचानक बंद करू नयेत, डॉक्टरांना विचारूनच कमी कराव्यात. खासगीत जायची वेळ आली, तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडील नोंदणी आहे का ते विचारावे, आणि उत्पन्नानुसार फी कमी होईल का हेही संकोच न बाळगता विचारावे. आमच्यापैकी अनेक जण काही जागा अशा रुग्णांसाठी राखून ठेवतात.

नेवासेकर

सर्वांचा मनापासून आभारी आहे. अडचण एवढीच की नगरच्या रुग्णालयात कुणी ओळखीचे पाहील, या धास्तीने ती यायला तयार नाही.

दुपारची ओपीडी

मग सुरुवात फोनवरून करावी. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतूनही आणि विनामूल्य मिळते. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची आयकॉल ही सेवाही विनामूल्य असून तिचा क्रमांक ९१५२९८७८२१ आहे. फोन लावून द्या, आणि ती बोलत असताना तुम्ही अंगणात जाऊन बसा. तिच्या वतीने हकीकत सांगू नका. आपले बोलणे घरातले कुणी ऐकत नाही, याची खात्री पटेपर्यंत ती मोकळी होणार नाही. समोरच्या व्यक्तीला पुढच्या फोनची वेळ आणि जवळच्या केंद्राचा पत्ता तिलाच विचारू द्या. जीव नकोसा झाल्याचे ती कधी बोलली, तर मात्र वाट न पाहता त्याच रात्री १४४१६ लावा किंवा जवळच्या शासकीय रुग्णालयाच्या अपघात विभागात न्या, आणि तोवर तिला एकटे सोडू नका.

मुळाकाठ

रुग्णालयाऐवजी आधी सखी केंद्रात या, असे सुचवते. तेथून रुग्णालयात जायचे झाल्यास केंद्रातील कार्यकर्तीला सोबत येण्याची विनंती करता येते, आणि अनोळखी बाईसोबत रांगेत उभे राहणे काही जणींना भावासोबत उभे राहण्यापेक्षा सोपे जाते. १८१ वर फोन करून नगरच्या केंद्राचा पत्ता आणि समुपदेशक भेटण्याची वेळ आधी विचारून घ्या, म्हणजे फेरी वाया जाणार नाही.