ग्लोबला शेक्सपिअर बघायचा तर सीट काढू नका, यार्डात उभे राहा

थेम्सकाठचा:
उन्हाळा आला की इकडे लंडनला येणारे सगळे नातेवाईक-मित्र एकच सांगतात, ग्लोब थिएटरचं तिकीट काढून ठेव, जरा चांगली सीट बघ. मी दरवेळी म्हणतो सीट नको, यार्डातलं, म्हणजे स्टेजपुढच्या मोकळ्या आंगणातलं उभ्याचं काढतो, स्वस्तात होतं. त्यांना वाटतं हा पैसे वाचवतोय. पैशाचा विषयच नाहीये. ही नाटकं लिहिलीच गेली उघड्या आभाळाखाली, दिवसाउजेडी, पुढ्यात उभ्या गर्दीसाठी, आणि 1997 ला उघडलेलं आत्ताचं ग्लोब शेक्सपिअरच्या काळच्या मूळ ग्लोबच्या धर्तीवर बांधलंय, वर गवताचं छप्पर आणि मधे मोकळं आंगण. रात्रीच्या खेळालाही प्रेक्षकांवर उजेड असतो, म्हणजे नटाला तुमचा चेहरा दिसतो, सगळी गंमत तिथे आहे. हॅम्लेटचं ते स्वगत आठवा, मी भेकड आहे का, कोण म्हणतं मला बदमाश... अंधाऱ्या हॉलमध्ये हे शून्यात बघून म्हटलं जातं. यार्डात नट पार स्टेजच्या कडेला येऊन कोणाकडे तरी रोखून बघत विचारतो आणि तो माणूस खरंच गांगरतो, शेजारचे त्याच्याकडे बघायला लागतात. स्वगत म्हणजे प्रेक्षकांशी बोलणं, हे मला तिथे कळलं. पुस्तकात कळलं नव्हतं.

दुसरी_रांग:
सरसकट असं नका हो सांगू. लोक वाचून खरंच तिकिटं काढतात. अडीच-तीन तास उभं राहायचं, खेळ चालू असताना खाली बसायचं नाही, बसलात की तिथली माणसं येऊन उठवतात. पाऊस आला तर छत्री उघडायची नाही, रेनकोट घालून भिजत उभे राहा, खेळ थांबत नाही. साठीच्या पुढच्या माणसाला गुडघे दुखत असताना कसलं स्वगत आणि कसलं काय, त्याचं सगळं लक्ष मध्यंतर कधी होतं याच्याकडे. भारतातून एकदाच येणाऱ्या आईवडिलांना तुम्ही हे सांगणार?

शिवाय 1599 मध्ये लंडनला आलेल्या थॉमस प्लॅटर नावाच्या स्विस प्रवाशाने लिहून ठेवलंय की एक पेनी दिली की उभं राहायचं, आणखी एक दिली की बसायला जागा, आणि तिसरी दिली की उशीची चांगली जागा. म्हणजे शेक्सपिअरच्या काळातही बसणारे होतेच की. त्यांच्यासाठी नाटक लिहिलं नव्हतं असं कसं म्हणता?

नाट्यवेडी_पुणे:
+1. आणि माझा मुद्दा वेगळाच आहे, शेक्सपिअर आधी ऐकायचा असतो. आपल्याकडे आगरकरांच्या विकारविलसितमधला, म्हणजे त्यांनी मराठीत आणलेल्या हॅम्लेटमधला, गणपतराव जोशींचा हॅम्लेट गाजला, आणि 2018 ला चंद्रकांत कुलकर्णींनी नाना जोगांच्या भाषांतरावरून हॅम्लेट केलं, सुमीत राघवन होते, तेही सगळ्यांनी बंद नाट्यगृहातच बघितलं. त्यात कोणाला काही कमी पडलं का? ग्लोबला ऐन भरात आलेल्या वाक्यावर डोक्यावरून हेलिकॉप्टर जातं, यार्डातली निम्मी गर्दी टूरिस्ट, फोटोपुरती आलेली, मध्यंतरानंतर दिसत नाही. ज्याला शब्द ऐकायचेत त्याने त्याच आवारातल्या सॅम वानमेकर प्लेहाउसला जावं. 2014 ला उघडलं, छोटंसं लाकडी थिएटर, मेणबत्त्यांच्या उजेडात खेळ, नट कुजबुजला तरी ऐकू येतं. नाहीतर सरळ शेक्सपिअरचं जन्मगाव स्ट्रॅटफर्ड गाठा. तिथलं थिएटर नव्याने बांधलं तेव्हा सगळ्यात लांबची सीट 27 मीटरवरून 15 मीटरवर आणली. फक्त रात्रीचा खेळ बघून लंडनला परतायचं असेल तर गाडीची वेळ आधी बघा, शक्यतो दुपारचाच काढा.

थेम्सकाठचा:
ताई, प्लेहाउस मलाही आवडतं, पण तिथे प्रेक्षक जपून बसतो, श्वाससुद्धा हळू घेतो. हेलिकॉप्टरचं म्हणाल तर चांगला नट ते जाईपर्यंत थांबतो, वर बघतो, आणि तेच वाक्य पुन्हा उचलतो, लोक टाळ्या देतात. 2012 ला ग्लोबने 37 नाटकं 37 भाषांतून केली, त्यात अतुल कुमार यांचं पिया बहरूपिया होतं, हिंदीतलं ट्वेल्फ्थ नाइट, गाण्याबजावण्यासकट. तसल्या नाटकाला समोर हलणारी, डोलणारी माणसं लागतातच. आपला तमाशा बघायला कोणी खुर्चीचा नंबर शोधत बसतं का?

आणि दुसरी_रांग, प्लॅटरचं बरोबर आहे, पण बसणारे गॅलरीत, कडेला होते. नटाच्या पायाशी कोण होतं? उभे राहणारेच ना.

बोरीवली_लोकल:
वाद चालू दे, मी यंदा आईबाबांना घेऊन जातेय, सीटच काढायची आहे. कुठली काढू ते सांगा.

दुसरी_रांग:
तिकीट ग्लोबच्या स्वतःच्या साइटवरूनच काढा, मधले एजंट नकोत. प्लॅन बघताना रिस्ट्रिक्टेड व्ह्यू लिहिलेल्या सीटा सोडा, स्टेजवर दोन जाडजूड खांब आहेत, कडेच्या सीटवरून अर्धा सीन त्यांच्यामागे जातो. बहुतेक सीटा म्हणजे लाकडी बाकं, पाठ टेकायला काही नाही, त्यामुळे स्टेजच्या बरोबर समोरच्या गॅलरीतली शेवटची रांग बघा, मागे भिंत मिळते. उशी भाड्याने मिळते ती घ्याच. वरच्या गॅलरीला जिने फार आहेत, आईबाबांना खालची. दुपारचा खेळ काढलात तरी संध्याकाळी नदीकाठी गार वारा सुटतो, स्वेटर असू द्या.

थेम्सकाठचा:
आईबाबांसाठी हे सगळं बरोबर. तुम्ही स्वतः मात्र यार्डाचं काढा, दारं उघडायच्या आधी रांगेत उभ्या राहा म्हणजे स्टेजच्या कडेला टेकायला जागा मिळेल.

दुसरी_रांग:
आईबाबांना परक्या गावात एकटं बसवून मुलगी खाली उभी? मला नाही पटत. बोरीवली, तीन सीट शेजारी शेजारी काढा आणि जाण्याआधी त्यांना गोष्ट मराठीतून सांगून ठेवा, कोण कोणाचा कोण हे माहीत असलं की जुनी इंग्रजी फार अडत नाही.