मदत हवी आहे: जुनी ला पाव्होनी युरोपिकोला – ईएलसीबी पडतो, ग्रुप गळतो (सांगली)

विश्रामबागकर
मंडळी, ला पाव्होनी युरोपिकोला, म्हणजे हाताच्या दांड्याने दाब देऊन कॉफी काढायची एस्प्रेसो मशीन, दुरुस्तीला घेतली आहे. बास्केट (कॉफी भरायची जाळी) कॅलिपरने ४९ मिमी भरते, म्हणजे २००० च्या आधीची. तळाच्या प्लेटवर २२० व्होल्ट, १००० वॅट. एकच स्विच आणि दिवा आहे, प्रेशरस्टॅट (ठरलेला दाब आला की वीज तोडणारा स्विच) आहे, दाब दाखवणारा गेज नाही.

स्विच टाकला की त्याच क्षणी घरचा ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) पडतो. विकणाऱ्याकडे चालू असताना दोन गोष्टी दिसल्या होत्या: दांडा खाली असतानाही ग्रुपच्या (कॉफी निघते तो भाग) तळाच्या जाळीतून, म्हणजे शॉवरमधून, थेंब पडत होते, आणि कॉफी काढताना दांडा लोण्यात गेल्यासारखा खाली जात होता. बॉयलरमध्ये टॉर्च मारला तर पांढरा थर आणि मधेमधे गुलाबी डाग आहेत.

सुरुवात कुठून करू? सीलं कुपवाड एमआयडीसीतल्या हायड्रॉलिक दुकानातून मापाने घेतली तर चालतील का? आणि क्रोम नव्याने करून घेऊ का?

लेथवरचा
आधी वीज, मग क्षार, मग सीलं. क्रोमचा विचार सगळ्यात शेवटी. हा क्रम मोडू नका. एलिमेंट गेलेलं निघालं तर बॉयलर पुन्हा उघडावा लागेल आणि आधी केलेलं काम वाया जाईल.

ईएलसीबी लगेच पडतो याचा अर्थ करंट बॉडीत उतरतोय. तापल्यावर पाच-दहा मिनिटांनी पडला असता तर प्रेशरस्टॅटच्या पडद्यातून किंवा एखाद्या गॅस्केटमधून पाणी टर्मिनलवर येतंय, असा संशय घेतला असता. प्लग काढा, तळाचं कव्हर उघडा, पाणी तापवणाऱ्या एलिमेंटच्या दोन्ही वायरी सोडवा. आता दोन मापं घ्या.

पहिलं माप टर्मिनल ते टर्मिनल. २२० व्होल्ट, १००० वॅटला ४८ ओहमच्या आसपास यायला हवं. १२ ते १४ च्या जवळ आलं तर एलिमेंट ११०-१२० व्होल्टचं आहे, प्लेटवर काहीही लिहिलेलं असो. ते आपल्या २३० वर जवळपास चौपट ताकद ओढतं आणि जळतं.

दुसरं माप टर्मिनल ते बॉडी, ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासायचं मीटर). साधा मल्टिमीटर इथे फसवतो. १ मेगओहमच्या खाली आलं तर बहुधा एलिमेंटच्या आतल्या मॅग्नेशियम ऑक्साईडने दमट हवा शोषली आहे. वर्षानुवर्षं बंद पडलेल्या मशीनमध्ये हे हमखास होतं, आणि बहुतेकदा सुधारतं. एलिमेंट बाहेर काढून, प्लास्टिकचं काही लागलेलं नाही ना ते बघून, ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर तीन-चार तास ठेवा. थंड झाल्यावर पुन्हा मेगर लावा.

ईएलसीबी बायपास करून "चालतंय का" हे बघायचं नाही. पाण्याने भरलेलं पितळ आहे, आणि दांड्यावर तुमचा हात असतो.

कडकपाणी
क्षारांबद्दल. सायट्रिक अ‍ॅसिड लिटरला २० ग्रॅम, पाणी कोमट ते गरम, ५०-६० अंश. अर्ध्या तासात ओतून टाका, थर उरला तर ताजं द्रावण घ्या. उकळायचं नाही, कारण जास्त तापलं की कॅल्शियम सायट्रेटचा चिवट थर बसतो आणि तो काढणं मूळ क्षारापेक्षा अवघड जातं. नंतर लिटरला चमचाभर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा आणि दोनदा साध्या पाण्याने. फरशीचं अ‍ॅसिड अजिबात नको, क्रोम आणि पितळ दोन्ही खातं.

गुलाबी डाग म्हणजे पितळेतलं जस्त निघून तांबं उरलंय. लाकडी काडीने खरवडून बघा. डाग कडक असेल तर हरकत नाही. लालसर भुगा निघाला, काडी रुतली, तर तो बॉयलर दाबाखाली आणायचा नाही.

पुढे बोअरचं पाणी टाळा. नळाच्या पाण्यात आरओचं मिसळा आणि मत्स्यालयाच्या दुकानात मिळणाऱ्या थेंबांच्या किटने तपासा. कठीणपणा ५० ते ८० पीपीएममध्ये राहिला की पुरे.

ऑटोक्लेव्ह_मिरज
सीलांसाठी हायड्रॉलिक दुकानात जाऊ नका. तिथली यू-सीलं बहुधा पॉलियुरेथेनची किंवा नायट्राइलची असतात. पॉलियुरेथेन गरम पाण्यात काही महिन्यांत चिकट होऊन तुटतं, नायट्राइल वाफेने कडक होतं. बॉयलरमध्ये ०.८ बारला पाणी ११७ अंशांच्या आसपास असतं, हे लक्षात ठेवा. ईपीडीएम किंवा व्हायटॉन या रबराची, तीही फूड ग्रेड, आणि "प्री-मिलेनियम (२००० च्या आधीची), ४९ मिमी" असं स्पष्ट सांगून किट मागवा. नंतरच्या ५१ मिमीच्या मशीनची सीलं बसत नाहीत.

तुमची लक्षणं दोन वेगळ्या सीलांची आहेत. दांडा खाली असताना शॉवरमधून थेंब म्हणजे पिस्टनचं वरचं सील, ते बॉयलरचा दाब अडवतं. दांडा मऊ जातो म्हणजे बहुधा खालचं, ते कॉफीवरचा दाब धरतं. मात्र दळण जाड असलं तरी दांडा मऊच लागतो, तेवढं आधी तपासा. पिस्टनच्या रॉडभोवती वरून पाणी आलं असतं तर दोष ग्लँडच्या (रॉड ग्रुपमध्ये शिरतो ती जागा) सीलाचा. किट आणताय तर तेही बदला.

बसवताना वरच्या सीलाची ओठाकडची बाजू वर, खालच्याची खाली. पाठ एकमेकांकडे. दोन्ही एकाच दिशेला बसवली की दुरुस्ती फुकट, आणि ही चूक फार होते.

रॉड दांड्याच्या काट्यात आट्यांनी बसतो. सोडवण्याआधी बाहेर दिसणाऱ्या आट्यांची लांबी कॅलिपरने मोजून लिहून ठेवा, नाहीतर पिस्टन खाली येऊन शॉवरला टेकेल. पिस्टन खालून आत सारताना वरच्या सीलाचा ओठ कडेवर दुमडतो. दुधाच्या पिशवीची पट्टी सीलाभोवती गुंडाळा, पिस्टन आत गेला की ती ओढून काढा. स्क्रूड्रायव्हरने ढकललं तर नवं सील तिथेच कापलं जाईल. ग्रीस फक्त सिलिकॉनचं, फूड ग्रेड. पेट्रोलियम ग्रीसने ईपीडीएम फुगतं.

मिरजेत ऑटोक्लेव्ह दुरुस्त करणाऱ्यांकडे वाफेला चालणारी सिलिकॉन गॅस्केटं आणि चाचणीचा गेज मिळू शकतो, तिथे विचारा.

कडकपाणी
राखाडी फायबरचं जुनं गॅस्केट निघालं तर कोरडं खरवडू नका, अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो. ओलं करून काढा, भुसा उडू देऊ नका.

विश्रामबागकर
खूप आभार. मापं घेतली. टर्मिनल ते टर्मिनल ४९ ओहम. मेगर जवळजवळ शून्य. एलिमेंट ओव्हनमधून काढून थंड झाल्यावर मेगर १२ मेगओहमच्या वर. गुलाबी डागांवर काडी रुतत नाही. किट मागवतोय. क्रोमचं काय?

लेथवरचा
एलिमेंट वाचलं, बरं झालं. क्रोम राहू द्या. नव्याने करायचं तर आधीचं उतरवावं लागतं, मग बफिंग, आणि त्यात आटे झिजतात. ग्रुपच्या आत क्रोम चढलं तर सील बसण्याचं माप बदलतं. पापुद्रे निघत नसतील तर मऊ फडकं आणि धातूची पॉलिश पुरे. काही डाग राहिले तर राहू द्या, जुन्या मशीनला शोभतात.

जोडणी झाली की साइट ग्लासच्या (पाण्याची पातळी दाखवणारी काचनळी) वरच्या टोपीच्या जागी अ‍ॅडॅप्टर लावून ० ते २.५ बारचा गेज बसवा. एलिमेंट पूर्ण पाण्याखाली हवं, कोरडं चालवलं तर काही क्षणांत जळतं. पहिल्यांदा दाब चढू लागला की स्टीमचा नळ थोडा उघडून आतली हवा जाऊ द्या. हवा अडकली की दाब खोटा दिसतो, प्रेशरस्टॅट आधीच बंद होतो आणि पाणी पुरतं तापत नाही. नंतर ०.८ बारवर बंद होईल असा स्क्रू लावा. दिवा गेल्यावरही काटा चढत राहिला तर लगेच प्लग काढा. सेफ्टी वॉल्व्ह साफ करून मोकळा हलतो का ते याआधीच बघायचं. दाब शून्यावर येईपर्यंत बॉयलरचं झाकण सोडायचं नाही.

ऑटोक्लेव्ह_मिरज
आणि लागोपाठ दोन-तीन कॉफींनंतर ग्रुप जास्त तापतो, कॉफी करपट लागते. ते सीलांचं दुखणं नाही, या मशीनची रचनाच तशी आहे. पोर्टफिल्टर (बास्केट धरणारा मुठीचा भाग) गार पाण्यात बुडवून ग्रुपला अडकवा, मग पुढची काढा.